घर सोडलेल्यांचं मत

मे महिन्यातल्या एका शनिवारी मी मुद्दाम जागतो. युरोव्हिजन या युरोपातल्या देशांच्या गाण्याच्या स्पर्धेची अंतिम फेरी आपल्याकडे रात्री साडेबाराला सुरू होते आणि पहिले दोन तास मी अर्धवट पेंगतच असतो. पंचवीस-सव्वीस गाणी, त्यातल्या निम्म्यांची चाल एकमेकींत मिसळून जाणारी, धूर, आगीचे लोळ, पंख्यासमोर उडणारे केस. खरी मजा गाणी संपल्यावर. एकेका देशाचा माणूस नटूनथटून पडद्यावर येतो, "आणि आमचे बारा गुण..." म्हणून उगाच दोन क्षण ताणतो, आणि माझी झोप उडते. गाण्याच्या स्पर्धेत गाणं सोडून बाकी सगळं बघतो म्हणून घरचे हसतात. हसू देत. या गुणांचे तक्ते मांडून बसलेली माणसं जगभर आहेत.

गुणांची रीत 1975 पासून तीच आहे. प्रत्येक देशाने आपल्या पहिल्या दहा गाण्यांना 12, 10 आणि मग 8 पासून 1 पर्यंत गुण द्यायचे. अकराव्याला भोपळा. ज्यूरीचे, म्हणजे तज्ज्ञ परीक्षकांचे, आणि जनतेचे गुण 2016 पासून वेगवेगळे मोजतात, पण दोन्हीकडे हिशेब क्रमांकाचाच. किती मतांनी पुढे, याला किंमत नाही. जर्मनीचे 12 आणि जेमतेम 34 हजार वस्तीच्या सॅन मरिनोचे 12 सारखेच. त्यात सॅन मरिनोला स्वतःचं वेगळं टेलिफोनचं जाळं नाही, म्हणून तिथल्या जनतेचा कौल दुसऱ्या देशांच्या कौलावरून हिशेबाने काढतात! आपल्याकडच्या एखाद्या ग्रामपंचायतीत असं करून बघावं कुणीतरी.

ग्रीस आणि सायप्रस एकमेकांना देतात ते गुण म्हणजे लग्नातला आहेर. कुणी किती दिलं ते वहीत लिहिलेलं असतं, आणि फेडताना त्यात कमी करायची नसते. त्यांचे 12 जाहीर होताना सभागृहात हुर्यो होते, पण दोघांनाही त्याचं काही वाटत नाही. रोमानिया आणि मोल्दोव्हाचं तेच, उत्तरेकडच्या स्वीडन-नॉर्वे-डेन्मार्क मंडळींचंही थोडंफार तेच. बीबीसीचे निवेदक टेरी वोगन या शेजारधर्मावर वर्षानुवर्षं मिश्कील ताशेरे मारत आले. 2008 मध्ये बेलग्रेडला रशिया जिंकल्यावर मात्र त्यांचा मिश्कीलपणा संपला आणि त्यांनी ते काम सोडलं. पुढच्याच वर्षी अंतिम फेरीत निम्मं वजन पुन्हा ज्यूरीला मिळालं. तज्ज्ञ आले की भाऊबंदकी संपेल, ही त्यामागची आशा. 2022 मध्ये दुसऱ्या उपांत्य फेरीत सहा देशांच्या ज्यूरींचे गुण इतके संशयास्पद निघाले की ते रद्दच करावे लागले. तज्ज्ञांचं सोवळंही तेवढंच.

पण या सगळ्याला लबाडी म्हणायला मी तयार नाही. लंडनच्या जियानलुका बायो आणि मार्ता ब्लांजार्दो या संख्याशास्त्रज्ञांनी जनतेच्या मतांचा रीतसर अभ्यास केला. त्यांना काही जोड्यांमध्ये माफक झुकतं माप सापडलं, पण कुणी कुणाला आकसाने डावलतंय असा पुरावा सापडला नाही. म्हणजे माया आहे, वैर नाही. ब्रिटनची अडचण अशी की त्यांच्यावर कुणाची माया नाही. 2021 मध्ये त्यांना ज्यूरीकडूनही शून्य आणि जनतेकडूनही शून्य. स्पेनच्या किनाऱ्यावर ऊन खात म्हातारपण काढणारे लाखो ब्रिटिश आहेत, पण त्यांनाही फोन उचलावासा वाटला नाही.

आणि इथेच मला या स्पर्धेतला सगळ्यात गमतीचा नियम आठवतो. स्वतःच्या देशाला मत देता येत नाही. 1956 मध्ये लुगानोला पहिली स्पर्धा झाली तेव्हा ही बंदी नव्हती. लक्झेंबर्गच्या वतीनेही स्विस परीक्षकांनीच मतं दिली असं सांगतात, जिंकलं स्वित्झर्लंड, आणि गुण आजवर जाहीर झालेले नाहीत. मग नियम आला. पण त्याला एक पळवाट राहिली, आणि ती कुणी मुद्दाम ठेवलेली नाही. पोलंडमध्ये बसून पोलंडला मत देता येत नाही. आयर्लंडच्या डब्लिनमध्ये बसून येतं. आपल्या देशाला मत द्यायचं असेल तर तो देश आधी सोडावा लागतो.

2016 चं स्टॉकहोम डोळ्यांसमोर आणा. पोलंडचा मिहाऊ श्पाक, लांबसडक केस, लाल कोट. ज्यूरीचे गुण संपले तेव्हा त्याच्या नावावर फक्त 7 होते, सव्वीस जणांत शेवटून दुसरा. मग जनतेचे गुण वाचायला घेतले, सगळ्यात कमीवाल्यापासून चढत्या क्रमाने. एकेक नाव येऊन गेलं, पोलंडचं येईना. शेवटचे तीनच देश उरले तेव्हा त्याचं नाव आलं: 222. पठ्ठ्या तळातून उठून थेट आठव्या जागी. गाणं वाईट नव्हतं, गडी देखणाही होता, पण 2004 नंतर कामासाठी ब्रिटन, आयर्लंड, स्वीडनकडे गेलेले पोलिश लोक विसरून हा आकडा समजणारच नाही.

यामागचं गणित अगदी साधं आहे. ही माणसं ज्या देशात जाऊन राहतात तिथले बहुतेक लोक मतच देत नाहीत, देतात त्यांची मतं पंचवीस गाण्यांत फुटतात. अशा वेळी दोन-तीन टक्के लोकांनी एकजुटीने एकाच नावावर फोन केले की ते नाव वर जातं, आणि क्रमांकाची रीत असल्यामुळे थेट 12 पदरात पडतात. दोन्ही देशांतल्या 1961 च्या कामगार-करारानंतर जर्मनीत कामाला गेलेल्या तुर्कांच्या मुलानातवंडांनी तुर्कस्तानला असेच गुण मिळवून दिले. 2012 नंतर तुर्कस्तान स्पर्धेतूनच बाहेर पडला, आणि जर्मनीतल्या त्या घरांना मत द्यायला कुणी उरलं नाही. आयर्लंडमधून लिथुआनियाला गुण गेले की आता मला आश्चर्य वाटत नाही. तिकडच्या कुठल्या तरी गोदामात रात्रपाळी संपवून आलेला माणूस मला दिसतो. अभिजीत सावंतसाठी 2005 मध्ये घराघरांतून एसएमएस गेले होते ते आपण घरी बसून पाठवलेले. परक्या गावातून पाठवायची खुमारी वेगळी असणार.

2023 पासून आपल्यालाही मत आहे. 'उर्वरित जग' नावाचा एक कप्पा काढलाय, त्यात भारत, ब्राझील, अमेरिका आणि बाकीचे सगळे मिळून एका देशाएवढे. म्हणजे आपण सगळे मिळून एक सॅन मरिनो. नात्यागोत्याबाहेरचं, निष्पक्ष मत यावं अशी कुणाची कल्पना असेल तर ती फसली: 2023, 2024, 2025, तिन्ही वर्षं या कप्प्याचे 12 इस्रायललाच गेले. मोहिमा चालवून मतं गोळा केली जातात अशी ओरड झाली, आणि एका माणसाला देता येणारी मतं 20 वरून 10 वर आणायचं ठरलं.

माझं मत तरी कुठे निष्पक्ष आहे! माझी मावसबहीण बरीच वर्षं डब्लिनला आहे. 2024 मध्ये बॅम्बी थगच्या गाण्यामुळे आयर्लंड बऱ्याच काळाने अंतिम फेरीत पोचला, तेव्हा शनिवारी दुपारीच तिचा फोन आला. तिला तिथून आयर्लंडला मत देता येईना. शेजारची लिथुआनियन बाई मात्र सकाळपासून फोन चार्ज करून बसलेली.

"अरे, तू दे ना. तुम्हाला आत्तापासून देता येतं."

"गाणी ऐकायच्या आधीच?"

"ऐकून काय करणारेस?"

दिलं. भुताखेतांसारखा मेकअप, मध्येच किंकाळ्या. मला ते गाणं अजिबात आवडलं नाही. रात्री आयर्लंड सहावा आला तेव्हा तिचा पुन्हा फोन, मागे घरभर आरडाओरडा.

"किती दिलीस?"

"एक."

"एकच? वीस देता येतात रे!"

"ताई, युरोत पैसे कापतात."

"मग सांगायचंस की. मी पाठवले असते."