बडबड

गेल्या मे महिन्यात आजीला अमळनेरहून धुळ्याच्या दवाखान्यात हलवलं. ऊन लागलेलं, ताप, चार दिवस पोटात अन्न नाही. रक्त तपासलं तर सोडियम ११८. निदान १३५ तरी हवं. एवढं उतरलं की म्हाताऱ्या माणसाला भ्रम होतो. रात्रपाळीच्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "कधीपासून बडबडताहेत?"

मला तो शब्द लागला. "बडबड बंद!" म्हणून गुरुजी छडी आपटायचे ती बडबड वेगळी. मुलीला मांडीवर घेऊन म्हणतो ती बडबडगीतं, तिथे हाच शब्द किती लाडका. आई वडिलांना "उगाच बडबडू नका" म्हणायची, म्हणजे विषय मिटवा. आणि खाटेशी उभं राहून डॉक्टर विचारतात तेव्हा बडबड हे आजाराचं लक्षण.

आजी भराभर बोलत होती. कवळी काढून ठेवलेली, शब्द एकमेकांत अडकत होते. डॉक्टरबाई लातूरकडच्या, त्यांना काही उमगेना. मी तोंडाशी कान नेला.

"गायले पानी पाजं का रे? दोर कोठे शे?"

गाय विकून वीस वर्षं झाली. भ्रम होताच. पण वाक्यं पुरी होती, काळजी खरी होती, आणि भाषा आमच्या घरातली होती. शाळेत 'शे' म्हटलं की "नीट बोल" ऐकावं लागायचं. जणू अहिराणी म्हणजे बिघडलेली मराठीच. भाषातज्ज्ञ ग्रिअर्सनने भारतीय भाषांच्या पाहणीत खानदेशीला, म्हणजे आमच्या अहिराणीला, मराठीच्या खंडात बसवलंच नव्हतं, १९०७ च्या खंडात भिल्ली बोलींशेजारी तिला स्वतंत्र जागा दिली. तेव्हा हे ठाऊक असतं तर गुरुजींना सांगितलं असतं.

"पाजं, आजी. दोर खुटाले शे," मी म्हणालो. तिचा हात चादरीवर सैल पडला. तासभर शांत झोपली.

डॉक्टरबाई दाराशी थांबून ऐकत होत्या. "शे म्हणजे आहे ना?" एवढंच विचारून पुढच्या खाटेकडे गेल्या. दुसऱ्या रात्री आल्या त्या सलाइनची बाटली बघायच्या आधी वाकून म्हणाल्या, "कशी शेस, आजी?"

आजीने डोळे उघडले आणि गायीचं विचारलं. या वेळी थेट त्यांनाच.