आजींचा पदर आणि अमेरिकेचा फोटो

सांगलीतला आमचा फोटो स्टुडिओ वडिलांनी सुरू केला, आता मी चालवते. लग्नाची कामं धाकटा भाऊ बघतो. माझ्याकडे खुर्चीवर बसवून काढायचे फोटो: शाळेचे, बँकेचे, नोकरीच्या अर्जाचे आणि अलीकडे सगळ्यात जास्त व्हिसाचे. लोकांना वाटतं यात काय आहे, मागे पांढरा पडदा, दोन लाइट, बटण दाबलं की झालं. पण बटण दाबण्याआधीचा निम्मा वेळ माझा केसांत जातो. टेबलाच्या खणात काळे आकडे, यू पिना, रबरं, दोन कंगवे आणि पाण्याच्या फवाऱ्याची बाटली कायम असते. शिवाय चमकणारं कपाळ टिपायला टिश्यू पेपर. फोनवर कुणी वेळ विचारली तर मी आधी सांगते, केस आदल्या दिवशी धुवा, निघताना तेल लावू नका. तरी माणसं खोबरेल चोपडूनच येतात. फोटो काढायचा म्हणजे चापूनचोपून भांग पाडायचा, हे शाळेपासून अंगात मुरलेलं.

खरं तर आपल्या पासपोर्टसाठी मोठ्या माणसाला फोटो न्यावाच लागत नाही. पासपोर्ट सेवा केंद्रात पहिल्या काउंटरवर तिथलाच कॅमेरा फोटो घेतो. फोटो लागतो तो चार वर्षांखालच्या पोरांचा, ४.५ बाय ३.५ सेंटिमीटर, मागे पांढरं. त्यामुळे आया मला हमखास विचारतात, ताई, फोटो जावळ काढायच्या आधी काढू की नंतर? मी म्हणते, कधीही काढा, पण अर्ज करताना पोर जसं दिसतंय तसाच असू दे. उगाच काउंटरवर हुज्जत नको.

व्हिसाचं मात्र प्रत्येक देशाचं वेगळं शास्त्र. अमेरिकेचा फोटो चौकोनी, ५१ बाय ५१ मिलिमीटर, आणि त्यात हनुवटीपासून डोक्याच्या टोकापर्यंतचं अंतर २५ ते ३५ मिलिमीटरच्या आत हवं. हे टोक ते केसांसकट धरतात. म्हणजे टाळूवर उंच बांधलेला अंबाडा त्यांच्या हिशेबी डोकंच. तो चौकटीत बसवायला कॅमेरा मागे न्यावा, तर चेहरा लहान होतो. एकदा साखरपुड्याच्या दिवशी एक मुलगी पार्लरमधून थेट आली होती, डोक्यावर भला थोरला खोपा, त्याला वेणी गुंडाळलेली, बरोबर पार्लरवाली. मी खोपा खाली घ्यायला सांगितला तेव्हा पार्लरवालीने माझ्याकडे असं पाहिलं की विचारू नका. तिचंही बरोबर होतं, दोन तासांची मेहनत होती ती. शेवटी ती मुलगी साखरपुडा उरकून दुसऱ्या दिवशी आली, साध्या वेणीत.

बाकीचे नियम सोपे आहेत. बट डोळ्यांवर नको, चेहऱ्याच्या दोन्ही कडा दिसायला हव्यात, रुंद हेअरबँड नको, कपाळावर केसांची सावली नको. केस रंगवले किंवा दाढी वाढवली तर लगेच नवा फोटो हवा असं नाही, अमेरिकेच्या पासपोर्ट खात्याने ते स्पष्ट लिहिलेलंच आहे. फोटोवरून माणूस ताडणारं मशीन केसांच्या तऱ्हेवर चालत नाही, ते डोळे, नाक, हनुवटी असा चेहरा बघतं. केसांनी त्यातलं काही झाकू नये, एवढंच.

तर मार्चमधली गोष्ट. बेदाण्याचा हंगाम ऐन भरात, आणि तासगावकडचं एक कुटुंब दुपारच्या उन्हातून आलं. साठीच्या आतले एक गृहस्थ, त्यांची बायको, कॉलेज संपवलेला मुलगा आणि आजी. आजी ऐंशीच्या पुढच्या. नऊवारी लुगडं, फिकं, बारीक काठाचं, आणि डोक्यावरून पदर कानामागे नीट खोचलेला. आजींचा थोरला मुलगा न्यू जर्सीत असतो, त्याच्याकडे आजींना जायचं होतं. नातू शिकायला जर्मनीला निघाला होता. दोघांचे फोटो एकदमच उरकू, म्हणून एकाच गाडीत आले होते.

आजींचा फोटो आधी दुसरीकडे काढून झाला होता, पण व्हिसाच्या फॉर्मवर तो चढेना. गृहस्थांनी मोबाइलवर दाखवला. बघितल्याबरोबर लक्षात आलं. फोटो घरासारख्या भिंतीपुढे काढून मागचं सगळं ॲपने पुसून पांढरं केलं होतं. आजींचा पदर मुळात फिका, त्यामुळे भिंतीबरोबर ॲपने पदरही खाल्ला. डोक्याची एक बाजू सुरीने कापल्यासारखी सरळ आणि डावा खांदा गायब. चेहराही गुळगुळीत केलेला. आजींनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला, लांब धरला आणि विचारलं, "माजं गोंदाण कुटं गेलं?"

हनुवटीवर तीन हिरवे ठिपके आणि कपाळावर एक, जन्मभर मिरवलेलं गोंदण, डाग समजून कुणीतरी साफ केलं होतं. मला हे नेहमी खटकतं. सुरकुती, तीळ, व्रण, गोंदण यातलं काही पुसायचं नसतं. ज्या फोटोवरून माणूस ओळखायचा त्यातून त्याच्या खुणाच काढल्या, तर उरलं काय? शिवाय संगणकावर फेरफार केलेला फोटो अमेरिकेला चालतच नाही.

मी म्हटलं, फोटो नव्याने काढू. पण आजी, पदर खांद्यावर घ्यावा लागेल.

आजी काही बोलल्या नाहीत. पदर आणखी थोडा पुढे ओढला.

मुलाने सुरुवात केली. "आई, दोन मिनिटांचं काम हाय. घे की खाली." सून म्हणाली, "आत्या, इथं कोण बघतंय?" नातू मोबाइलमध्ये होता. मी मुलाला म्हटलं, दादा, तुम्ही जरा बाहेर बसा. तो आणि नातू बाहेर गेले. मी पंखा वाढवला, आजींना पाणी दिलं. घाई करून काढलेला फोटो उपयोगाचा नसतो, कपाळावरचा राग लपत नाही आणि चेहरा शांत हवा असं तर नियमातच आहे.

"पोरी," आजी म्हणाल्या, "तू सांगतीस ते खरं असंल. पर ह्यो फोटू बगणार कोण?"

"अमेरिकेचे अधिकारी, आजी."

"बाप्या का बाई?"

"ते मला कसं कळणार? कुणीही असेल."

"मंजी बाप्या बी असंल."

मी हो म्हटलं. खोटं कशाला बोलू?

आता नियम असा आहे की डोकं झाकायचं असेल तर ते धर्मासाठी रोज झाकत असलं पाहिजे, आणि झाकूनही पूर्ण चेहरा दिसला पाहिजे, त्यावर सावली पडता कामा नये. म्हणजे वाट होती. आजी 'धर्मासाठी' म्हणाल्या असत्या तर मी पदर ठेवून, कडेला गडद काठ येईल असं बसवून फोटो काढला असता. ते ठरवणारी मी कोण? म्हणून सरळ विचारलं, "आजी, पदर तुम्ही देवासाठी घेता का?"

त्यांनी खरोखर विचार केला. "देवाम्होरं घेतीच की. पर देवासाठी न्हाय. पदर थोरल्यांसाठी असतोय."

मग बोटांवर मोजत बसल्या. सासरे. सासू. थोरले दीर, जाऊबाई. चुलतसासरे, ते तर फारच कडक. शेवटी मालक. "समदी गेली की गं," त्या सुनेकडे बघून म्हणाल्या, जणू हे आत्ताच कळलं होतं. "आता थोरली मीच न्हवं का?"

आणि स्वतःच पदर खाली घेतला. सून सारखा करायला पुढे झाली, तर तिला हाताने थांबवलं. "ऱ्हाऊ दे. येतंय मला."

खरं काम इथून पुढे सुरू झालं. आजींचे केस पूर्ण पांढरे, विरळ आणि म्हातारीच्या कापसासारखे हलके. मानेवर लिंबाएवढा अंबाडा. अंबाड्याची अडचण नव्हती, खाली असल्यामुळे तो समोरून दिसतच नाही. अडचण होती पांढऱ्यावर पांढऱ्याची. माझा पडदा नेहमीच्या लाइटमध्ये अगदी पांढराशुभ्र येतो, त्यापुढे हे केस विरघळून जातात आणि डोकं कुठे संपलं ते मशीनला कळत नाही. मग माप कशाचं घेणार?

अशा वेळी काय करायचं ते वडिलांनी कृष्णधवल फोटोंच्या काळात शिकवून ठेवलंय. पहिलं म्हणजे माणसाला पडद्यापासून पुढे आणायचं, चार-पाच फूट तरी, म्हणजे पडद्यावरचा उजेड केसांवर उडत नाही आणि मागे सावलीही पडत नाही. दुसरं, पडद्यावरचा लाइट कमी करायचा. अमेरिकेला पांढरं किंवा मोतिया, दोन्ही चालतं. या 'किंवा'वर पांढऱ्या केसांच्या किती माणसांचे फोटो निघाले असतील! आणि तिसरं, चौकटीच्या जरा बाहेर, माणसाच्या दोन्ही बाजूंना काळे बोर्ड उभे करायचे. माझ्याकडे थर्माकोलला काळा कागद चिकटवून केलेले आहेत. त्यांचा काळेपणा केसांच्या कडेवर हलकी रेघ उमटवतो, आणि पांढरा केस पांढऱ्यापुढे वेगळा उठून दिसतो. हे सगळं फोटो काढतानाच होतं, नंतर संगणकावर काही करावं लागत नाही.

उडणारे केस बसवायला मी फवारा थेट डोक्यावर मारत नाही, तळहात ओला करून वरून फिरवते. कानामागे दोन आकडे लावले. आजींनी विचारलं, तेल न्हाई का? म्हटलं, आज नाही.

चष्मा काढायला लावला. अमेरिकेच्या फोटोत नोव्हेंबर २०१६ पासून चष्मा चालत नाही. नाकावर दांडीचे वळ उमटले होते, ते उतरेपर्यंत पाच-दहा मिनिटं बसलो. त्या वेळात आजींनी मला लग्न कधी केलंस, मुलं किती, स्टुडिओ भाड्याचा का स्वतःचा, सगळं विचारून घेतलं. चष्म्याविना त्यांना कॅमेरा दिसेना, डोळे बारीक व्हायला लागले. मग मी कॅमेऱ्याच्या मागून बोलत राहिले, म्हटलं आवाजाकडे बघा. पहिल्या काही फोटोंत त्यांचा हात सवयीने पदराकडे जात होता. हात मांडीवर बांधून ठेवायला सांगितल्यावर जमलं.

फोटो मोठ्या स्क्रीनवर लावला. डोळे उघडे, ओठ मिटलेले, कपाळावरचा ठिपका आणि हनुवटीवरचे तीन जागच्या जागी, केसांची कड स्वच्छ. सुनेने हळूच विचारलं, सुरकुत्या थोड्या कमी होतील का, तिकडे भावजी बघतील. नाही म्हटलं. फाइल २४० केबीच्या आत बसवली आणि मुलाने तिथेच माझ्या वायफायवर फॉर्म उघडून चढवली. गेली.

आता नातू. त्याचे केस म्हणजे कुरळ्यांचं रान, वर आणि दोन्ही बाजूंना वीतभर पसरलेलं. आईने गाडीत बसल्यापासून लावून धरलं होतं, काप ते, काप ते, फोटो नापास होईल. माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, तुम्ही तरी सांगा. पाणी मारून बसवा नाहीतर शेजारच्या सलूनमध्ये पाठवते." पोरगं रडकुंडीला आलं होतं.

पण जर्मनीचं गणित उलटं आहे. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, चेहरा हनुवटीपासून टाळूपर्यंत ३२ ते ३६. टाळू म्हणजे कवटीची टाळू, केसांचा शेंडा नव्हे. दाट, फुललेल्या केसांबद्दल तर त्यांच्या नमुना-तक्त्यात वेगळं लिहिलंय, केस शक्य तेवढे चौकटीत घ्या, पण त्यासाठी चेहरा लहान करू नका. म्हणजे चेहरा महत्त्वाचा, कुरळे थोडे बाहेर गेले तरी हरकत नाही. अमेरिकेसाठी आला असता तर मी त्याला पाणी मारून, मागे ओढून, आकड्यांनी जखडला असता. जर्मनीसाठी डोळ्यांवर येणाऱ्या दोन बटा मागे घेतल्या, पडदा बदलून फिकट राखाडी लावला, तिकडे तो सगळ्यात चांगला धरतात, आणि काम झालं. कापाकापी नाही.

आईचा विश्वास बसेना. मी तक्ता काढून दाखवला. पोरगा आरशात बघून केस आणखी फुलवायला लागला.

आजी खुर्चीवर बसून हे सगळं बघत होत्या. चष्मा परत चढवलेला, पदर अजून खांद्यावरच. त्यांनी आधी नातवाच्या डोक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मंजी माजा पदर चालत न्हाय," त्या म्हणाल्या, "आन् ह्येचं रान चालतंय?"

"देश वेगळा, आजी," मी म्हटलं.

"मग मला बी जर्मनीलाच धाडायचं हुतं," त्या मुलाला म्हणाल्या, आणि पैसे किती झाले ते विचारून घासाघीस करायला लागल्या.