रस्त्याची जाडी कागदावर किती?

नवा काँक्रिट रस्ता वर्षभरात उखडला की गावात तक्रार अर्ज लिहिला जातो: ‘कामात भ्रष्टाचार झाला आहे, चौकशी व्हावी.’ त्यावर आवक क्रमांक पडतो, पुढे काही हलत नाही. आधी मोजमाप पुस्तिका, म्हणजे एमबी, हातात घ्या. ठेकेदाराचं बिल तिच्यावरच निघतं.

माहिती अधिकाराच्या जोडपत्र ‘अ’मध्ये, म्हणजे अर्जाच्या ठरलेल्या नमुन्यात, एकच विषय, १५० शब्दांच्या आत, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. रस्त्याचं नाव आणि आर्थिक वर्ष लिहून अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, एमबीची संबंधित पानं आणि अदा केलेल्या बिलांच्या प्रती मागा. ‘असं का केलं?’ विचारलंत की अर्ज फेटाळायला आयतं कारण मिळतं. पाच वर्षांची सगळी कामं मागायची हौसही नको. पानाला २ रुपयांनी बिल येतं आणि अर्जदार गप्प बसतो. त्यापेक्षा अवलोकन, म्हणजे कार्यालयात बसून कागद पाहायला मागा, पहिला तास फुकट असतो.

एमबीत लांबी, रुंदी, जाडी अशा नोंदी दिसतील. १०० मीटर × ३ मीटर × ०.१५ मीटर म्हणजे ४५ घनमीटर काँक्रिट. जाडी प्रत्यक्षात १० सेंटिमीटर भरली, तर ३०च घनमीटर पडलं. १५ घनमीटरचे पैसे हवेत गेले. लांबी-रुंदी सहसा बरोबर असते, कारण ती कुणीही मोजू शकतं. खातात ते जाडीत. कडेला टेप लावून फसू नका: फळ्यांजवळ काँक्रिट पूर्ण भरतात, मधलं पोट पातळ ठेवतात. नळजोडणीसाठी कुणी रस्ता कापला असेल तिथं मोजा, टेपसकट फोटो काढा. खालचा खडी-मुरमाचा थर त्यात धरू नका, त्याची एमबीत वेगळी नोंद असते. आणि स्वतः पहार घेऊन रस्ता फोडू नका, गुन्हा तुमच्यावर दाखल होईल! आकडे जोडून गटविकास अधिकाऱ्यांकडे कोअर टेस्टची, म्हणजे रस्त्यातून काँक्रिटचा गोल तुकडा कापून तपासण्याची, लेखी मागणी करा.

३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांच्या स्टॅम्पसह. ‘अभिलेख आढळून येत नाही’ असं लेखी आलं, तर अपिलात महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५चा उल्लेख करा. त्यात पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. हरवलेली एमबी बऱ्याचदा त्यानंतर सापडते.