आमची वाटचाल : मोझॅक लादी पॉलिश

पहिलं मशीन मी आणि माझ्या भागीदाराने अर्धे-अर्धे पैसे घालून जुनंच घेतलं. चौथ्या मजल्यावर चढवायला चौघं लागायचे. भागीदाराचा हात मोठा सफाईचा. भिंतीपासून दोन बोटं सोडून मशीन फिरवायचा, स्कर्टिंगला कधी ओरखडा नाही. हे मी आजही मान्य करतो.

2009 साली तोच वेगळा झाला आणि आमची दोन तयार मुलं सोबत घेऊन गेला. गिऱ्हाइकांना सांगू लागला, घासाईची कटकट नको, वरून केमिकल मारतो, एका दिवसात आरसा. भाव आमच्या निम्मा. माटुंग्यातल्या ज्या सोसायट्यांचे जिने आम्ही वर्षानुवर्षं केले, त्यांनी फोन उचलणं बंद केलं. आठ महिने मशीन गाळ्यात झाकून पडलं. पगार भागवायला बायकोची एफडी मोडली.

पावसाळ्यात तळमजल्यांना खालून ओल आली आणि तो लेप पापुद्र्यासारखा सुटला. उरला तो पिवळा पडला. तीच मंडळी परत आली. चुकलं असं एकानेही म्हटलं नाही, भाव कमी करा एवढंच म्हणाले. ते अजून सलतं.

त्या आठ महिन्यांत आम्हाला बोलावलं ते फक्त हिंदू कॉलनीतल्या आजींनी. मुलगा जुनी लादी काढून चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स टाकायच्या मागे लागला होता. आजी म्हणाल्या, "आधी घासून तर बघा." लोखंडी कपाट सरकवलं, तर त्याखाली चौकोनभर लादी पहिल्या दिवसासारखी. पिवळसर सिमेंटची जमीन, त्यात लाल-काळ्या दगडी चिप्स. बाकीची खोली त्या चौकोनाच्या रंगावर आणायची, एवढंच काम. 60 नंबरची बट्टी (घासायचा दगड, नंबर वाढेल तसा बारीक), मग 80, मग बारीक भोकांत त्याच रंगाचं सिमेंट भरून चार-पाच दिवस ओलं ठेवलं. पुढे 120, 220, 400. शेवटी चमक आणायला ऑक्झॅलिक पावडर आणि नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा जाड तुकडा. तीन लाद्या फुटक्या होत्या. आजींनी माळ्यावरून वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या चार काढून दिल्या.

तुमच्याकडे मोझॅक असेल तर ऐका. बाथरूमचं अ‍ॅसिड लादीवर ओतू नका. संगमरवरी चिप्स आणि सिमेंट, दोन्हींत चुना, अ‍ॅसिड ते खातं. पॉलिशवाला 60 वरून थेट 220 वर गेला तर त्याला तिथेच थांबवा, मागचे ओरखडे कितीही पावडर लावली तरी दिसतात. आणि लादी झिजेल म्हणून घाबरू नका. वरचा थर 5-6 मिमी असतो, नीट केलेल्या घासाईत त्यातला मिलिमीटरभरही जात नाही.

2018 साली मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको शैलीतल्या जुन्या इमारती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आल्या. आता आर्किटेक्ट स्वतःहून सांगतात, जुन्या इमारतींतलं मोझॅक उचकटू नका. आम्ही हेच सांगत होतो तेव्हा कुणी ऐकलं नाही.

आजी आता नाहीत. गेल्या दिवाळीआधी नातवाने घासाईला बोलावलं. माळ्यावरची चौथी लादी त्याने अजून तशीच, त्याच वर्तमानपत्रात ठेवली आहे.