शाळकरी मुलांचा गुडघा आणि विश्रांतीचा उपचार

धाराशिव भागात खो-खो हा शाळकरी मुलामुलींचा जिवाभावाचा खेळ आहे, त्यामुळे क्रीडाशिक्षक या नात्याने गुडघेदुखीच्या तक्रारी माझ्या कानावर सतत येतात. त्यांतल्या बहुतेक चार-आठ दिवसांत विरून जातात. मात्र दहा ते पंधरा वर्षांच्या मुलाचा गुडघा खेळल्यावर सुजत असेल, दुखणे महिनोन्‌महिने रेंगाळत असेल किंवा चालताना सांधा मध्येच अडकत असेल, तर ‘वाढीचं दुखणं आहे, तेल लावा’ एवढ्यावर पालकांनी थांबू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

अशा दुखण्यामागे कधीकधी ‘ऑस्टिओकॉन्ड्रायटिस डिसेकन्स’ हा आजार असतो. त्यात कूर्चेखालच्या (कूर्चा म्हणजे सांध्यात हाडाच्या टोकावर असलेले गुळगुळीत आवरण) हाडाचा छोटा तुकडा कमकुवत होतो आणि वेळीच लक्ष न दिल्यास वरच्या कूर्चेसह सुटून सांध्यात फिरू लागतो. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला, आतल्या बाजूच्या गोलाकार भागावर तो सर्वाधिक आढळतो. फ्रान्झ क्योनिग या जर्मन शल्यचिकित्सकाने १८८० च्या दशकात त्याला हे नाव दिले. त्याचे नेमके कारण आजही पूर्णपणे उलगडलेले नाही, तरी वारंवार पडणारा ताण आणि त्या जागेचा अपुरा रक्तपुरवठा यांकडे डॉक्टर बोट दाखवतात.

उपचार ठरवताना दोन गोष्टी पाहिल्या जातात: हाडाच्या वाढीची पट्टी अजून खुली आहे का, म्हणजे हाड अजून वाढते आहे का, आणि तो तुकडा जागेवर घट्ट आहे की सैल झाला आहे. पहिली गोष्ट एक्स-रेत दिसते, दुसरीसाठी एमआरआय लागतो. पट्टी खुली असून तुकडा घट्ट असेल, तर धावणे आणि उड्या पूर्ण बंद ठेवून, गरजेनुसार ब्रेस किंवा कुबड्या देऊन काही महिने वाट पाहिली जाते, आणि पुष्कळ मुलांचे हाड शस्त्रक्रियेविना भरून येते. तसे न झाल्यास दुर्बिणीच्या साहाय्याने हाडाला बारीक छिद्रे पाडतात, म्हणजे तेथे रक्त पोहोचून भरण्याची क्रिया सुरू होते. सैल तुकडा स्क्रूने किंवा शरीरात विरघळणाऱ्या पिनांनी बसवतात. तो वाचवण्यासारखा नसेल, तर त्याच गुडघ्यातील कमी भार पेलणाऱ्या जागेवरून हाड-कूर्चेचा दंडगोल काढून तेथे रोवणे, अथवा प्रयोगशाळेत वाढवलेल्या कूर्चापेशींचे रोपण करणे, हे पर्याय उरतात.

या सर्वांत विश्रांती ऐकायला सोपी आणि पाळायला सर्वांत अवघड आहे. आठवीतली माझी एक विद्यार्थिनी सध्या मैदानाच्या कडेला खुर्चीत बसून गुण लिहिते. दुखणे थांबल्यापासून ती रोज विचारते, “सर, आता बसू का चौरसात?” दुखणे थांबणे आणि हाड भरणे यांत बरेच अंतर असते, हे तिला आणि तिच्या आजीला मी एक्स-रे उजेडात धरून दाखवले. डॉक्टरांनी तिला आधी मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, मग चालणे, त्यानंतर हलके धावणे असा क्रम आखून दिला आहे. उकिडवे बसून ‘खो’ मिळताच झेपावणे त्या क्रमात सर्वांत शेवटी आहे, तेही पुढच्या तपासणीत हाड भरलेले दिसले तरच.