सही व्हायच्या आधी

डोझरचा माग मला फाटकातूनच दिसला. मे महिन्याचा शेवटचा आठवडा, डोंगर वाळून पिवळेधमक झालेले, आणि त्या पिवळ्यावर डोंगराच्या धारेवरून गेलेला तांबूस मातीचा पट्टा. दहा-बारा फूट रुंद, अगदी ताजा. पोटात गोळाच आला. ज्या जाळरेषेची, म्हणजे आग अडवायला गवत काढून केलेल्या मोकळ्या पट्ट्याची, आखणी करायला मी टेप घेऊन आले होते, ती निघूनसुद्धा झाली होती.

मी कॅलिफोर्नियात, सॅन होजेच्या पूर्वेला, माउंट हॅमिल्टनच्या पलीकडच्या डोंगरांत गुरं पाळणाऱ्यांसाठी सरकारी अनुदानाचे प्रस्ताव तयार करते. राहुरीला बीएस्सी ॲग्री केलं, इथे येऊन कुरणांचा अभ्यास. मराठी मंडळात कोणी विचारलं की ‘गवत मोजते’ असं सांगते. पुढचा प्रश्न सहसा येत नाही.

प्रस्ताव बहुतेक ईक्विप नावाच्या, अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या योजनेचे. 1996च्या शेती कायद्यातून आलेली ही योजना कुंपण, पाण्याचे हौद, पाइपलाइन, झुडपं काढणं, जाळरेषा अशा कामांना पैसे देते. पण काम आधी, पैसे नंतर, आणि तेही ठरलेल्या दराने. तुमचं बिल कितीही होवो. शिवाय एक नियम असा की करारावर सही व्हायच्या आधी काम सुरू केलं, तर त्या कामाचा एक डॉलरही मिळत नाही. आधी लेखी मागितलं तर लवकर सुरुवात करायची मुभा मिळू शकते, पण आधीच मागायला हवं.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे समजावायची गरज नाही. ठिबकची पूर्वसंमती म्हणजे हेच. माझ्या वडिलांनी एका वर्षी डाळिंबं वाळायला लागली म्हणून पूर्वसंमती यायच्या आधीच नळ्या आणून अंथरल्या. बिलावरची तारीख पूर्वसंमतीच्या आठ दिवस आधीची निघाली आणि अनुदान गेलं. ते बिल त्यांनी कित्येक वर्षं कपाटात जपून ठेवलं होतं, का कोण जाणे.

रँचवाले आजोबा, म्हणजे या कुरणाचे आणि गुरांचे मालक, पिकअपला टेकून उभे होते. इथे सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात, मीही मारते, पण मनात त्यांना अहोजाहोच चालतं. ऐंशीच्या आसपास वय, आजोबा-पणजोबांपासून याच डोंगरात.

“केलं काम,” ते म्हणाले. “शेजाऱ्याकडे डोझर आला होता. परत कधी मिळाला असता?”

“करार झाला नाहीये अजून.”

“करार कधी होणार?”

“सप्टेंबरपर्यंत.” सरकारी आर्थिक वर्ष 30 सप्टेंबरला संपतं, त्याच्या आत सह्या होतात.

त्यांनी नुसतं डोंगराकडे बोट केलं. इथला पाऊस हिवाळ्यातला. नोव्हेंबर ते एप्रिल हिरवं, मे लागला की सगळं काडी. आपल्याकडे वनखातं फेब्रुवारीच्या तोंडावर जाळरेषा काढून घेतं, तसं इथे ते काम जून लागायच्या आत व्हायला हवं. सप्टेंबरातली जाळरेषा म्हणजे वरात गेल्यावर मांडव. आणि या माणसाने 2020चा ऑगस्ट पाहिला होता. 16 ऑगस्टला कोरड्या विजा पडल्या आणि त्यातून पेटलेल्या आगींनी या डोंगररांगेत 3,96,000 एकर खाक केले. सॅन होजेत आमच्या गाड्यांवर राख पडत होती तेव्हा ते रात्री गुरं हाकत होते. लाकडी खांब जळाले आणि तारा जमिनीवर लोळत पडल्या. त्यातलं काही कुंपण अजून उभं राहिलेलं नाही.

मी काही न बोलता माझं नेहमीचं काम सुरू केलं. सव्वातेरा इंच व्यासाची कडी गवतावर टाकायची, आतलं गवत मुळाशी कात्रीने कापायचं, पिशवीत भरून वजन करायचं. कडीचं माप असं काढलेलं आहे की वाळलेल्या गवताचा एक ग्रॅम म्हणजे एकरी शंभर पौंड. ओढ्याकाठी सात ग्रॅम भरलं. गुरं पाण्याजवळ चरतात, तिथे भादरून टाकतात. वर धारेवर एकतीस. म्हणजे एकरी तीन हजार शंभर पौंड वाळकं जळण. गवत बाराशे पौंडांच्या आत राहिलं तर ज्वाळा साधारण चार फुटांच्या खाली राहतात, आणि तेवढ्या आगीला माणसं फावड्यांनी जवळ जाऊन भिडू शकतात. प्रस्तावात वर एक हौद होता तो यासाठीच. पाणी वर गेलं की गुरं वर जातात आणि वरचं गवत खातात. मला विचाराल तर जाळरेषेपेक्षा तो हौद मोलाचा. गाय दरवर्षी चरते. डोझर दरवर्षी बोलवावा लागतो.

आजोबा म्हणाले, “चल, पट्टा बघून घे.”

आम्ही पट्ट्यावरून चालत निघालो. अर्धा मैल सरळसोट. पुढे दोन ओकच्या झाडांपाशी पट्टा एकदम डावीकडे वळला, चांगला पंधरा-वीस पावलं, आणि पुन्हा धारेवर आला. डोझरवाला उगाच वळण घेत नाही, त्याचं डिझेल जळतं.

वळसा घातलेल्या जागेच्या मधोमध एक बसका, सपाट खडक होता. त्यात पाच गोल खड्डे. मी वाकून हात घातला. आतून गुळगुळीत, कोपराच्या थोडा खालीपर्यंत हात गेला. आमच्या माजघरातल्या उखळाची आतली बाजू अशीच लागायची.

ओकची फळं कांडायची उखळं. ओलोनी या इथल्या मूळ रहिवाशांच्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या कांडून पाडलेले हे खड्डे. सहीआधी काम नको, या नियमामागे जी कारणं आहेत त्यातलं एक हे: केंद्राचा पैसा घेऊन जमीन खणायची तर 1966च्या वारसा जतन कायद्याप्रमाणे आधी जाणकाराने जागा पाहायला हवी. इतकी वर्षं मी हा मुद्दा फॉर्ममधला एक चौकोन म्हणून भरत आले होते.

“तुम्हाला माहीत होतं?”

“आईने दाखवलं होतं. डोझरच्या पुढे मी चालत होतो.”

म्हणजे तपासणी झाली होती. फक्त ती कुठल्या कागदावर नव्हती.

परतताना गाडीत मी सगळे पर्याय मनात घोळवले. खोटं बोलायचं नव्हतंच, पण पट्टा जुनाच आहे असं गृहीत धरून गप्प बसायचा मोह झाला, तो लपवत नाही. संध्याकाळी अहवालात लिहिलं: जाळरेषेचं काम करारापूर्वी पूर्ण, ही बाब प्रस्तावातून वगळावी. खडकाची जागा नोंदवली, सार्वजनिक नकाशावर येऊ नये असं लिहून. मग आजोबांना फोन केला. ते जरा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “ते पैसे गेले हे डोझर बोलावला तेव्हाच मला कळलं होतं. हौदाचं काय?”

हौद, पाइपलाइन आणि कुंपण प्रस्तावात तसंच राहिलं.

रात्री घरी फोन लावला तेव्हा तिकडे सकाळ होती. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. डाळिंबाचा विषय दोघांनीही काढला नाही.

“त्याला म्हणावं,” ते म्हणाले, “सही होईपर्यंत हौदाचा पाइपसुद्धा दारात आणू नकोस. आणलास, तर निदान बिल तरी घेऊ नकोस.”