चार इंच म्हणजे किती इंच?

कऱ्हाडजवळ आमचं घर आहे, खाली सगळी काळी माती. पावसाळ्यात गेटपासून पोर्चपर्यंत गाडी घसरत यायची आणि एप्रिलमध्ये त्याच वाटेला बोट जाईल एवढ्या भेगा. दोनदा मुरूम टाकून पाहिला, दोन्ही वेळा मातीनं गिळला. शेवटी फेब्रुवारीत ठरवलं, काँक्रीटच करायचं. गेटपासूनची 36 बाय 10 फुटांची वाट आणि मागं बसायला 20 बाय 12 ची जागा, मिळून 600 चौरस फूट.

तिघांना बोलावलं. पहिल्यानं गेटमधूनच नजर टाकून सांगितलं, “साठ रुपये फूट, मटेरियलसकट. चार दिवसांत गाडी लावा.” बाकीचे दोघे ऐंशीच्या पुढं. मोह झालाच. तरी विचारलं, जाडी किती? “चार इंच.” सिमेंट किती गोणी? “तीस-बत्तीस.”

रात्री वहीवर हिशेब मांडला. 600 फुटांवर चार इंच म्हणजे 200 घनफूट, दोन ब्रास. एम20 काँक्रीटला, म्हणजे घरकामाच्या नेहमीच्या ताकदीच्या मालाला, ब्रासला साडेबावीसच्या आसपास गोण्या लागतात, म्हणजे एकूण 45. उरलेल्या तेरा-पंधरा गोण्या कुठून तरी कमी होणार होत्या. एक तर मालातून, नाहीतर जाडीतून. जाडीची गंमत मला नंतर कळली. कडेच्या फळ्या बरोबर चार इंचाच्या लावतात, पण मधे मुरूम फुगवटा ठेवून दाबला की तिथं तीनच इंच पडतं. वरून बघणाऱ्याला काही कळत नाही.

तिसरे मिस्त्री वयानं मोठे. त्यांनी भाव सांगायच्या आधी कुदळीनं दोन ठिकाणी उकरून माती चोळून बघितली आणि विचारलं, “ओतल्यावर पाणी कोण मारणार? मी माणूस ठेवू का तुम्ही घरचे मारणार?” काम त्यांनाच दिलं ते या प्रश्नामुळं. 85 रुपये फूट, खालचं खोदकाम आणि सोलिंग, म्हणजे दगडांचा थर, वेगळं. वहीच्या कागदावर लिहून घेतलं: तीस टक्के उचल, सोलिंग झाल्यावर चाळीस, ओतल्यावर वीस आणि उरलेले दहा पहिल्या मोठ्या पावसानंतर. या शेवटच्या अटीवर ते थोडे हसले, पण सही केली.

आरएमसी, म्हणजे गाडीतून येणारं तयार काँक्रीट, मागवायचा विचार होता. एका गाडीत सहा घनमीटर माल येतो, आमचं सगळं काम त्यात बसलं असतं. पण आमचा बोळ आठ फुटांचा, गाडीच वळेना. मग जागेवरच मिक्सर लावला.

फूटभर काळी माती काढली, नऊ इंच डबराचं सोलिंग, फटीत मुरूम, वरून पाणी आणि रोलर. आईनं मधेच काम थांबवलं. तुळशीपुढची जागा बुजवायची नाही, सडा कुठं घालायचा? सहा फुटांचा तुकडा मातीचाच राहिला. आता पाऊस तेवढ्याच जागेत मुरतो, तेव्हा तिचंच बरोबर होतं असं म्हणायला हवं.

ओतायच्या दिवशी सकाळी मिस्त्रींनी दोन्ही कडांच्या फळ्यांवर आडवी लाईनदोरी ताणली आणि टेप माझ्या हातात दिला. “मधे मोजा.” चार ठिकाणी मोजलं. एका जागी साडेतीन भरलं, तिथला मुरूम खरवडला.

खरी कटकट पाण्याची. एका गोणीला 30 लिटरच्या वर पाणी नको, वाळू ओली असेल तर त्याहून कमी. पण पातळ माल ओढायला सोपा, त्यामुळं माझी पाठ वळली की बिगारी मिक्सरमध्ये एक बादली जास्तीची ओतायचा. तिसऱ्यांदा पाहिल्यावर मी ओरडलो. त्याचंही बरोबर होतं, उन्हात घट्ट माल ओढायचा त्याला होता, मला नव्हता. मिस्त्रींनी पिंप बाजूला नेऊन ठेवलं आणि एक माणूस वाढवला.

वाटेचे नऊ-नऊ फुटांचे चार तुकडे केले आणि एक आड एक ओतले, दोन आज, दोन उद्या. भेग पडायचीच तर सांध्यात पडू दे. घराच्या भिंतीलगत थर्माकोलची पट्टी. वाटेवर रंधा फिरवून ओला असतानाच झाडू आडवा ओढला. मागच्या जागेला मात्र मीच हट्ट धरला, गुळगुळीत घोटून द्या म्हणून. “घसराल,” ते म्हणाले. मी ऐकलं नाही. वरून कोरडं सिमेंट मारून घोटलं, आणि आज तिथं केसासारख्या भेगा आहेत. पावसाळ्यात काथ्या अंथरल्याशिवाय तिकडं पाऊल टाकता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मातीची आळी करून पाणी भरलं, कडेला ओली गोणपाटं. सिमेंट पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं, सावकाश पक्कं होणारं, आणि मार्चचं ऊन, त्यामुळं पूर्ण चौदा दिवस. नळाला एक दिवसाआड पाणी, म्हणून दोन टँकर विकत घ्यावे लागले. हा खर्च मी धरलाच नव्हता. गाडी तीन आठवडे बोळाच्या तोंडाशी उभी.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस झोडपला. फुटाला पाव इंच ढाळ दिला होता, सगळं पाणी गेटकडं पळालं. फक्त पोर्चच्या कोपऱ्यात ताटाएवढं थबकलं. मिस्त्रींना फोन केला, ते संध्याकाळी छत्री घेऊन आले. वाकून त्या पाण्यात एक रुपयाचं नाणं आडवं ठेवलं. “नाणं बुडलं न्हाई, बघा.” मी वाकून बघितलं, खरंच बुडलं नव्हतं. आतून पैसे आणून दिले. त्यांनी मोजले, खिशात घातले आणि जाताना ते नाणंही उचलून नेलं.